चटईखालचा गंज

पावसाळा संपला की जुन्या मोटारीच्या मालकाने एक काम आवर्जून करावे. गाडीतली चटई उचलावी आणि खालच्या पत्र्यावर हात फिरवून पाहावा. रंग, सीटकव्हर, बंपर यांवर आपण हौसेने खर्च करतो, कारण ते चारचौघांना दिसते. पायाखालचा पत्रा कुणाला दिसत नाही. मात्र घरातली सगळी माणसे बसतात ती त्याच पत्र्यावर.

आमच्या घरी मरहूम अब्बांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी मूळची इटलीच्या फियाटची. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. खाजगी गाड्या मात्र पुण्यात अजून अधूनमधून दिसतात.

दोन वर्षांपासून आमच्या गाडीत ओलसर वास येत होता. कात्रजचा घाट चढताना मागे बसलेल्या मुलांना मळमळायचे. अम्मींना ऐकू कमी येते. गाडी चालू झाली की त्यांना पुढचे बोलणे अजिबात कळायचे नाही आणि त्या खिडकीबाहेर बघत गप्प बसायच्या. धाकट्या भावाचे म्हणणे होते की आता भंगारात द्यावी. अम्मींचा जीव गाडीत अडकलेला. शेवटी घरात बसून एक गोष्ट ठरवली. उस्ताद गाडी उघडून बघतील. तळ मजबूत होणार असेल तर खर्च करू, नाहीतर आठवण म्हणून नंबरप्लेट ठेवू आणि गाडी देऊन टाकू. अब्बांची अमानत खरी, पण मुलांच्या जिवापेक्षा मोठी नाही.

तळ एवढा महत्त्वाचा का?

ट्रक किंवा जीपला खाली वेगळी चेसिस असते. पद्मिनीला तशी नाही. तिचा तळ, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा होतो. तळाचा पत्रा कुजला म्हणजे सांगाड्याचे हाड कुजले. सीटचे बोल्ट याच पत्र्यात बसतात. मागचे पाटे ज्या जागी टांगलेले असतात ती जागाही याच सांगाड्याचा भाग. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक बसली तर कुजक्या पत्र्यातून सीटच उखडून येऊ शकते.

दुसरा धोका धुराचा आहे. सायलेन्सरचा पाइप तळाखालून जातो. पाइपला चीर आणि पत्र्याला भोक असेल तर धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे आपण ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देतो. जुन्या गाडीत मुलांना वारंवार असे होत असेल तर गोळी देण्याआधी तळ आणि सायलेन्सर तपासून घ्यावा.

गंज येतो कुठून?

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाले की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो, रंग उचलतो आणि पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्यांत पुन्हा ओल धरते. म्हणजे गंज स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो. घाम, मीठ आणि चिखल यांनी त्याचा वेग वाढतो.

उस्तादांचे पहिले वाक्य आम्हाला फार पटले. ते म्हणाले, “सर, आधी पाणी कुठून येतं ते बघू, पत्रा नंतर.” त्यांनी आम्हाला आत बसवले आणि बाहेरून पाइपने पाणी सोडले. समोरच्या काचेच्या रबरातून एक बारीक धार डॅशबोर्डखाली उतरत होती. दाराची बीडिंग कडक होऊन तडकली होती. तळाला असलेल्या भोकांची दोन रबरी बुचे गायब होती, त्यामुळे चाकाने उडवलेले पाणी थेट चटईखाली जात होते. ही वाट बंद केल्याशिवाय पत्रा बदलणे म्हणजे फुटक्या माठाला रंग देणे.

मग सीट काढल्या, चटई काढली. खालचा तागाचा नमदा भिजलेल्या गोणपाटासारखा झाला होता. उस्तादांनी पेचकसाच्या मुठीने सगळा तळ ठोकून पाहिला. चांगला पत्रा ठणठण वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. संशय येईल तिथे पेचकसाचे टोक दाबले. ड्रायव्हरच्या पायाखाली ते आरपार गेले. मागच्या डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढा भाग हातानेच तुटला. पण दाराखालच्या पेट्या आणि पाट्यांच्या जागा शाबूत होत्या. त्या गेल्या असत्या तर उस्ताद स्वतःच नको म्हणणार होते. गाडी वाचणार, हे तिथे ठरले.

कामाचा क्रम

पहिली पायरी बॅटरी सोडण्याची. वेल्डिंगच्या जागेजवळून पेट्रोलची नळी जात असेल तर ती बाजूला घ्यावी लागते, टाकी जवळ असेल तर तीही काढावी लागते. सीट, नमदा, फोम असे पेट घेणारे काहीही आत ठेवायचे नाही, आणि पाण्याची बादली व अग्निशामक हाताशी ठेवायचा. जिथे हे केलेले दिसत नाही, त्या गॅरेजमध्ये गाडी उघडू देऊ नये.

त्यानंतर सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने काढला. या वेळी चष्मा आणि मास्क हवाच, कारण जुन्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाकला. बरेच जण भोकावर नवा तुकडा रिव्हेट मारून बसवतात किंवा पुट्टीने भरतात. त्याने भोक झाकते, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठून गंज दुप्पट जोमाने वाढतो.

नवा तुकडा १८ गेजच्या म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटरच्या सीआर पत्र्याचा घेतला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने कारागिराला ताप भरतो, म्हणून तो टाळला. पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंगची आच जास्त होते आणि पत्रा वाकतो. म्हणून उस्तादांनी सीओटू वेल्डिंग केले, तेही सलग नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, आणि मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. रजई शिवताना आधी कच्चे टाके घालतात तसे ते दिसत होते.

जिथे पत्रा मजबूत होता पण वर बारीक गंज होता, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला. यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. त्याने तांबडा गंज बदलून काळपट, पक्का थर होतो. तो लावताना हातमोजे घालावेत. कन्व्हर्टर जादू नव्हे. पापुद्रे न काढता वरून फासला तर तो पापुद्र्यांसकट गळून पडतो. तो वाळल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, सगळ्या सांध्यांत सीलर भरला, मग रंग. गाडीच्या खालच्या बाजूला रबरी अंडरकोटिंग केले, आणि पाणी निघून जायची भोके मुद्दाम मोकळी ठेवली.

हे काम फेब्रुवारी ते मेमध्ये करावे. दमट हवेत प्रायमर पत्र्याला नीट धरत नाही.

आवाज कसा कमी होतो?

पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. मोटारींचा आवाज आणि कंपने मोजण्याचे कामही तिथे चालते. त्या शास्त्रातली मूळ गोष्ट साधी आहे. पत्रा म्हणजे डफाचे कातडे. इंजिन आणि रस्ता त्याला थरथरवतात आणि तो वाजतो. डफावर तळहात ठेवला की आवाज दबतो. गाडीत हे काम ब्यूटाइल रबराची, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली सुमारे दोन मिलिमीटरची शीट करते.

ही शीट सगळा तळ मढवायला लागत नाही. जिथे पत्रा मोठा आणि सपाट आहे तिथे त्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बरीच कमी होते. ती रोलरने दाबून बसवायची, खाली हवा राहता कामा नये. छपराच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण एप्रिलच्या उन्हात ती पाघळते आणि गाडीत डांबराचा वास भरतो. शीटवर पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम, त्यावर नवी रबरी चटई. स्पंजसारखा फोम कधीही घालू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि सगळी मेहनत आतून खातो. गंजाचे काम पूर्ण होण्याआधी शीट चिकटवणे हाही तसाच प्रकार, कारण तिच्याखाली काय चालले आहे ते मग वर्षानुवर्षे कळत नाही.

बीडिंग आणि बुचे नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाली. सीटचे दोन जुने ब्रॅकेट उस्तादांनी जुन्या बाजारातून शोधून आणले. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.

गाडी परत आल्यावर इंजिनाची घरघर राहिली, पण पायाखालचा खणखणाट गेला. सायलेन्सरचा सांधाही बदलला होता. मुले कात्रज चढून खेड शिवापूरपर्यंत गेली, कुणाला मळमळले नाही. अम्मींनी मात्र अर्ध्या वाटेत पुढे बसलेल्या भावाला विचारले, “गाडी भंगारात द्यायची असं कोण म्हणत होतं?” पुढचे हळू आवाजातले उत्तरही त्यांना ऐकू आले.

हिशेब आणि हुनर

भावनेबरोबर हिशेबही बघावा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले गेले. पर्यावरण कर वेगळा. दर बदलत असल्याने आरटीओत आधी चौकशी करावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही चटई उचलून बघावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले. अशा वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. सीटच्या रुळांवरचा गंज आणि नमद्याखालची बारीक माती पॉलिशने जात नाही.

या तीन आठवड्यांत आम्ही शाळा सुटल्यावर रोज गॅरेजमध्ये जात होतो. तिथे एक सतरा-अठरा वर्षांचा शागीर्द पत्रा कापायला शिकत होता. कागदाचा साचा करून, कोन मोजून तो तुकडा असा बसवायचा की फटीत नखही जाणार नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र मात्र एकही नव्हते. आपल्या मोहल्ल्यांत अशी मुले बरीच आहेत. आयटीआयमध्ये वेल्डर आणि शीट मेटल वर्कर हे अभ्यासक्रम आहेत, औंधला सरकारी आयटीआय आहे. हातातल्या हुनराला कागदाची जोड मिळाली तर हीच मुले उद्या मोठ्या कारखान्याच्या दारात मान वर करून उभी राहतील. त्या मुलाचा अर्ज भरायला आम्ही मदत करतो आहोत. तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये असा शागीर्द असेल तर त्याच्या आई-वडिलांशी एकदा बोलून बघा.