घरगुती रौप्यद्रव
शुद्ध चांदीच्या दोन तारा ऊर्ध्वपातित जलात बुडवून त्यांतून बॅटरीचा विद्युत्प्रवाह सोडला असता धनाग्राची चांदी झिजून तिचे आयन व अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात, आणि हाच कलिल रौप्यद्रव होय. नळाच्या पाण्यातील क्लोराइडाशी चांदीचा संयोग होऊन पांढुरका साका बनतो, म्हणून ते वर्ज्य. आणि प्रकाशाने द्रव काळवंडतो, म्हणून तो गडद काचेच्या बाटलीत ठेवण्याचा रिवाज आहे. तथापि औषध म्हणून या द्रवाच्या नित्य सेवनाने चांदी त्वचेत साठून कांती कायमची निळसर-करडी होऊ शकते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर १९९९ साली चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित वा गुणकारी मानण्यास साफ इन्कार केला. सबब हा द्रव कोणीही प्राशन करू नये.