मोदकाचा काय अपराध?

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या महागणपतीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गावांतून माणसे लोटतात. दिवसभर उपवास आणि चंद्रोदयानंतर मोदकाचा नैवेद्य, असा परिपाठ. दात किडले की गोडाधोडाला बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु या दिवशी दातांचे खरे नुकसान मोदकाने नव्हे, तर उपवासाने होते, असे म्हटले तर भाविकांना ते रुचणार नाही. उपवास म्हणजे निराहार नव्हे. तासातासाला गोड चहा, मध्येच खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, असे तोंड दिवसभर चालू असते.

साखर स्वतः दात किडवीत नाही. तोंडातील जंतू तिच्यापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, हे मिलर या शास्त्रज्ञाने १८९० मध्येच मांडले. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच तोंडातील आम्लता वाढते आणि लाळेच्या साहाय्याने ती ओसरण्यास अर्धा ते एक तास लागतो. एवढ्यात दुसरा कप आला, की लाळेचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हा प्रश्न महत्त्वाचा. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांतून हेच सिद्ध झाले: जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, जेवणांमधल्या चिकट टॉफीने ती भराभर वाढली. हे प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून केले गेले, ही त्या ज्ञानाची लाजिरवाणी किंमत.

कीड हा लहान मुलांचा रोग, ही समजूतही सोडावयास हवी. वय वाढते तशा हिरड्या मागे सरतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. मुळांवर वरच्या भागासारखे कठीण कवच नसते. त्यामुळे सौम्य आम्लही त्यांना पुरते. मधुमेहाने आणि रक्तदाबावरील काही औषधांनी लाळ आटते. त्यात मिश्रीची भर. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये, तर महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ मध्ये बंदी झाली. पण घरच्या तव्यावर तंबाखू भाजणाऱ्या हाताला कोणता कायदा अडवणार? मिश्रीने दात स्वच्छ होतात, असे मानणाऱ्या स्त्रीच्या हिरड्या त्याच मिश्रीने खराब होत असतात.

दाढ दुखली की उपटून टाकावी, हा आपला उपाय. पण दाढा गेल्या की ज्वारीची भाकरी चावत नाही. मग चहात बुडविलेला टोस्ट आणि बिस्किटे येतात, आणि उरलेल्या दातांचीही तीच गत होते.

उपाय खर्चिक नाहीत. गोड खावयाचे ते जेवणाबरोबर खावे, नंतर पाण्याने चूळ भरावी. रात्री झोपेत लाळ कमी होते. म्हणून चंद्रोदयानंतरचा फराळ उरकून तसेच आडवे होण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. अवघड आहे तो चहा. कचेरीत काय किंवा शाळेत काय, तो साखर घालूनच येतो. किती घालावी हे पिणाऱ्याच्या हाती नसते. साखर वेगळी मागविणे अशक्य नाही. मात्र बिनसाखरेचा चहा मागणारा मधुमेहीच असणार असे धरून टपरीवाला आजही हळूच विचारतो, ‘‘कधीपासून आहे, गुरुजी?’’