कळतं, पण वळत कुठे?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1873 साली 31 वर्षांचे होते. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने 1865 मध्ये निघालेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळाचे ते खंदे कार्यकर्ते. 1873 मध्येच त्यांची पहिली पत्नी वारली. आता हा एखाद्या विधवेशी लग्न करणार, या धास्तीने वडिलांनी घाईघाईने स्थळ पाहिलं. रानड्यांनी विरोध केला, पण शेवटी वडिलांच्या शब्दाखातर ते 11 वर्षांच्या रमाबाईंशी बोहल्यावर उभे राहिले. सनातन्यांना आयतं कोलीत मिळालं आणि सुधारक मनातून खचले.

रानड्यांची बुद्धी कमी पडली, असं कोण म्हणेल? प्रश्न त्यांना पुरता कळलेला होता. पण एका पारड्यात न्याय होता आणि दुसऱ्यात पितृभक्ती. दोन्ही मूल्यंच. फरक इतकाच, की पितृभक्तीमागे घर, भाऊबंद, जात, पंक्ती असं सगळं गणगोत उभं होतं. न्यायामागे होते चार समविचारी मित्र आणि काही निबंध. माणसाची निवड पुष्कळदा अशी ठरते. कोणता विचार खरा, याइतकंच कोणत्या विचाराच्या पाठीशी माणसं आहेत, यावर ती अवलंबून असते.

कायदा झाला, शास्त्रार्थही झाला

विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता 1856 सालीच मिळाली होती. त्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार काढून दाखवला होता. श्रद्धेच्या माणसाशी श्रद्धेच्याच भाषेत बोलावं, हा त्यांचा मार्ग. महाराष्ट्रात अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावण्याची, रीत होतीच. बंदी होती ती मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जातींत. तिथे कायदा कागदावर राहिला. शिवाय त्याच कायद्यात एक अट होती. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. ज्या बाईजवळ पोटापुरतं दुसरं साधन नाही, तिला ही परवानगी काय कामाची?

पुढे 1870 मध्ये पुण्यात या प्रश्नावर रीतसर शास्त्रार्थ झाला. दोन्ही बाजूंनी वचनं काढली गेली आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध लागला. पोथीतून वाट काढायला गेलेल्या सुधारकांची वाट पोथीनेच अडवली.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शास्त्राधाराची वाट पाहिली नाही. त्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वाकडं पाऊल पडलेल्या विधवेने यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं ठरवलं. रूढी चालते ती कुणाच्या तरी हातांनी. त्या हातांनीच नकार दिला तर धर्मवचन कितीही पक्कं असो, अंमल करणार कोण?

कर्व्यांनी नाव बदललं

या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा धोंडो केशव कर्व्यांचा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या विधुर प्राध्यापकाने 1893 मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांच्या मुरूड गावाने या जोडप्यावर बहिष्कार टाकला. स्वतःच्या आईच्या घरात वावरणंही अवघड झालं.

त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी संस्था काढली. दोन वर्षांत, 1895 मध्ये, तिचं नाव बदललं. 'उत्तेजक' जाऊन 'प्रतिबंधनिवारक' आलं. म्हणजे लग्न करा असा आग्रह नाही, ज्यांना करायचं त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करायचे. पाठोपाठ 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि भर दिला शिक्षणावर. कट्टर सुधारकांना ही माघार वाटली. कर्व्यांनी मात्र लोकांची नस ओळखली होती. पुनर्विवाहाला पै न देणारा माणूस घरातल्या विधवा बहिणीला शिकायला पाठवायला तयार होत असे. त्याच्या धर्मश्रद्धेला धक्का न लावता त्याच्या मायेला हाक घालता येत होती.

पुढे आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. झोपडीत बिऱ्हाड, दिवसा कर्वे पुण्यात शिकवायला आणि कॉलेज सुटलं की पायपीट करत हिंगण्याला. पावसाळ्यात त्या रस्त्याचा चिखल तुडवत हा माणूस आश्रमाचं किडूकमिडूकही स्वतः वाहून नेई.

या आश्रमाने काय घडवलं, ते पार्वतीबाई आठवल्यांकडे पाहिलं की कळतं. त्या गोदूबाईंच्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मूल, डोक्यावर केस नाहीत, अक्षरओळखही नाही. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या, आश्रमाचं काम अंगावर घेतलं, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. 1912 मध्ये त्यांनी केस राखले. सुटकेचे विचार त्यांच्या कानी आधीही पडले असतील. पण केस राखून राहता येईल अशी जागा, हाताला काम आणि सोबतीला माणसं, हे सगळं संस्थेने दिलं, तेव्हा तो निर्णय पेलता आला. रमाबाई रानड्यांनीही पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं, ते याच जातीचं काम.

हेरवाडचा ठराव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. 4 मे 2022 रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, इथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे यापुढे गावात होणार नाही, असं ठरलं. 17 मे रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

दारात मयत आहे, बाई भान हरपून बसली आहे आणि त्याच घटकेला दुसऱ्या बायका तिचे हात धरून बांगड्या फोडतात. फोडणाऱ्या दुष्ट नसतात. त्यातल्या कितीतरी स्वतः त्यातून गेलेल्या असतात. 'असं केलं नाही तर लोक काय म्हणतील' ही भीती त्यांचे हात चालवते. एकट्या सुनेने नाही म्हणायचं म्हटलं तर तिला सगळ्या गावाशी भांडावं लागतं. ग्रामपंचायतीचा ठराव असला, की 'गावानेच ठरवलंय' एवढं म्हणून तिला मोकळं होता येतं. ठरावाची खरी ताकद ही आहे.

पण ठरावापाशी थांबून चालणार नाही. सातबाऱ्यावर तिची वारस म्हणून नोंद झाली का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारी गेलं का? लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना तिला मागे तर उभं केलं नाही ना? ही प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून करावी लागते, आणि ती करायला शासन येणार नाही.

श्रद्धा माणसाला आपलेपण देते, म्हणून ती नुसत्या युक्तिवादाने सुटत नाही. बुद्धी चूक दाखवते. मूल्यं दिशा देतात. पण सामान्य माणसाने त्या दिशेला पाऊल टाकावं असं वाटत असेल, तर पाऊल टाकल्यावर तो एकटा पडणार नाही याची तजवीज आधी करायला हवी. आश्रम, शाळा, बचतगट, ग्रामसभा या संस्था त्यासाठीच असतात. आपल्या गावची, सोसायटीची, महिला मंडळाची पुढची बैठक बसेल, तेव्हा हा विषय पटलावर घ्या. आणि ठराव करून झाला, की त्याच बैठकीत पहिलं आमंत्रण कुणाच्या दारी जाणार, तेही ठरवा.