सूची, परिवर्तनीय व अपरिवर्तनीय
सूची, परिवर्तनीय व अपरिवर्तनीय : संगणकाच्या कार्यक्रमणात ठराविक क्रमाने मांडलेल्या घटकांच्या मालिकेस सूची किंवा लिस्ट म्हणतात. जिच्यातील घटक जागच्या जागी बदलता, गाळता वा वाढविता येतात ती परिवर्तनीय आणि एकदा तयार झाल्यानंतर जिच्यात कोणताही फेरफार करता येत नाही ती अपरिवर्तनीय सूची होय. गणितातील फलनांप्रमाणे दिलेल्या मूल्यापासून नवे मूल्य काढणे हेच ज्यांचे मुख्य साधन आहे, अशा फलनप्रधान भाषांत बहुधा दुसऱ्या प्रकारची सूची वापरतात.

रचना : शृंखलाबद्ध सूचीतील प्रत्येक घटकासाठी संगणकाच्या स्मृतीत एक कोष असतो. कोषाच्या एका भागात घटक व दुसऱ्या भागात पुढील कोषाचा पत्ता असतो. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस पंढरपूरकडे प्रस्थान ठेवणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ व रथामागे त्यांहून अधिक दिंड्या ठरलेल्या क्रमाने चालतात. प्रत्येक दिंडीस केवळ लगतची दिंडी ठाऊक असली, तरी सर्व क्रम टिकून राहतो. शृंखलाबद्ध सूचीचेही तसेच असते. मात्र विसाव्या घटकापर्यंत पोहोचण्यास आधीचे एकोणीस कोष ओलांडावे लागतात.

सामायिक वापर : अशा दिंड्यांची सूची संगणकात ठेवली असून एक कार्यक्रम तीवरून मुक्कामाच्या जागा वाटतो व दुसरा पाण्याचे टँकर पाठवितो, अशी कल्पना करू. दोघांजवळ एकाच सूचीचा पत्ता आहे. सूची परिवर्तनीय असल्यास पहिला कार्यक्रम आपल्या सोयीसाठी ती वारकऱ्यांच्या संख्येनुसार लावून घेईल आणि दुसऱ्याच्या हातातील क्रमही त्याच क्षणी बदलेल. दुसऱ्याचे वाचन तेव्हा अर्धवट झालेले असेल, तर एखादी दिंडी दोनदा वाचली जाईल व एखादी सुटेल. सुटलेल्या दिंडीस पाणी मिळणार नाही. परंतु दोन्ही कार्यक्रम वेगवेगळे तपासले असता कोणातही चूक सापडणार नाही. असे दोष क्वचित व अनियमितपणे प्रकट होत असल्याने त्यांचा शोध कठीण असतो. अपरिवर्तनीय सूचीत पहिल्या कार्यक्रमास नव्या क्रमाची स्वतंत्र सूची मिळते व दुसऱ्याची सूची अबाधित राहते.

खर्च : प्रत्येक बदलास संपूर्ण नक्कल लागते, असा समज आहे, तो बरोबर नाही. हजार घटकांच्या सूचीच्या आरंभी एक घटक जोडताना एकच नवा कोष लागतो. त्यात जुन्या सूचीचा पत्ता लिहिला जातो आणि जुनी सूची नव्या सूचीचा उत्तरभाग बनते. जुनी कधीच बदलणार नसल्यामुळे ही भागीदारी निर्धोक ठरते. पाचशेवा घटक बदलायचा झाल्यास त्याच्यासह पहिले ५०० कोष नव्याने करावे लागतात, उरलेले ५०० सामायिक राहतात. शेवटी घटक जोडताना मात्र सर्व हजार कोषांची नक्कल करावी लागते. म्हणून घटक आरंभी जोडत जाऊन अखेरीस सूची एकदाच उलटविण्याची पद्धत रूढ आहे. कोणाच्याही उपयोगात नसलेले कोष परत मिळविण्याची स्वयंचलित व्यवस्था अशा भाषांत असते.

इतिहास : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेची आखणी केली. सूची हाच तिचा पाया होता. तथापि कोष जागच्या जागी बदलण्याच्या क्रियाही तीत होत्या. १९७५ मधील स्कीम या तिच्या शाखेत त्या टिकून राहिल्या. एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या एमएल भाषेत सूची अपरिवर्तनीय ठेवून बदलत्या मूल्यांसाठी निराळे कोष देण्यात आले. हॅस्केल (१९९०) भाषेनेही अपरिवर्तनीय सूचीच स्वीकारली. स्कीमपासून निघालेल्या रॅकेटने, तेव्हाच्या पीएलटी स्कीमने, २००८ मध्ये आपले मूळ कोष अपरिवर्तनीय केले. जुनी आवृत्ती राखून नवी देणाऱ्या अशा रचनांचा पद्धतशीर विचार ख्रिस ओकासाकी यांच्या १९९८ च्या ग्रंथात आढळतो. क्लोजर (२००७) भाषेत ३२ शाखांच्या वृक्षरचनेमुळे मधला घटकही थोड्याच नकलेत बदलता येतो.

परिवर्तनीय सूची सर्वस्वी त्याज्य नाही. ती एकाच कार्यक्रमाच्या ताब्यात असेल व बाहेर दिसणार नसेल, तर जागच्या जागी केलेला बदल जलद व निरुपद्रवी असतो. स्कालामध्ये सूची प्रथम परिवर्तनीय रूपात रचून नंतर अपरिवर्तनीय रूपात हवाली करण्याची सोय आहे.

नियमाची अंमलबजावणी : एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये उपलब्ध प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. त्या बजावणीचे पालन पुढील लेखनिकांच्या निष्ठेवर अवलंबून होते. परिवर्तनीय सूची सामायिक वापरात देणाऱ्या कार्यक्रमकारासही अशाच शिस्तीवर विसंबावे लागते. अपरिवर्तनीय सूचीच्या बाबतीत तो नियम भाषा स्वतःच पाळते आणि त्याचा भंग करणारे लेखन स्वीकारत नाही.