वाळूत गाडून घेणारी वेल

कोकण-गोव्याच्या पुळणीवर भरतीचं पाणी जिथवर येतं, त्याच्या जरा वर मर्यादवेल पसरलेली असते. आपट्यासारखी दुभंगलेली जाड पानं आणि जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखी फुलं. ती सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात.

वारा वाळू ढकलत आणतो. या पानांत शिरला की त्याचा जोर मोडतो आणि कण तिथेच पडतात. वाळू साचते, वेल गाडली जाते. दुसरं एखादं झाड गुदमरून मेलं असतं. मर्यादवेलीच्या मात्र गाडलेल्या पेरांना मुळं फुटतात, शेंडा वर येतो आणि पुन्हा वाळू अडवतो. थरावर थर चढत उंचवटा उभा राहतो. निसर्गातलं इतकं अचाट बांधकाम मला दुसरं सुचत नाही!

एक फांदी हलकेच उचलून पाहा. पेराशी मुळांचा झुबका, त्यात अडकलेले वाळूचे कण. पान जिथे देठाला जुळतं तिथे बारीक मधुग्रंथी असतात. तिथे मध चाटायला आलेल्या मुंग्या पानं खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात.

वादळी लाटा हा उंचवटा कापून वाळू समुद्रात नेतात. पुढे शांत लाटा ती हळूहळू परत आणतात, आणि वेल शिल्लक असेल तर उंचवटा पुन्हा रचला जातो. किनारा वाचवायला बांधलेल्या सिमेंटच्या भिंतीवर आपटलेली लाट मात्र पायथ्याचीच वाळू उकरते.

बी केसाळ आणि टणक. खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने तरंगूनही ते रुजतं. म्हणून ही वेल हिंदी महासागरापासून अटलांटिकपर्यंत उष्ण किनाऱ्यांवर भेटते.

किनाऱ्यालगतच्या बागेत लावायची तर बियांचं कवच घासून त्या रात्रभर भिजवाव्यात. त्याहून सोपं म्हणजे हातभर फांदी घ्यायची, दोन-तीन पेरं ओल्या वाळूत पुरायची आणि शेंडा बाहेर ठेवायचा. पावसाचा जोर ओसरताना हे करावं. ऊन भरपूर हवं, सुरूच्या दाट सावलीत नको. खताची गरज नाही. अरुंद वाफ्यात ती मावणार नाही, मोकळी जागाच द्यावी. आणि समुद्रावर जायला एकच ठरलेली पायवाट ठेवावी, कारण रोजच्या तुडवण्यापुढे मात्र ही वेल टिकत नाही.