एका नॉबवर भागत नाही

घरी जुळवलेल्या पॉवर सप्लायमध्ये बहुधा एलएम३१७ ही तीन पायांची आयसी असते. तिला २४० ओहमचा रेझिस्टर आणि ५ किलोओहमचा पॉट जोडला, की सव्वा व्होल्टपासून साधारण २७ व्होल्टपर्यंत हवं ते घ्या (इनपुट तेवढं हवं, हे आलंच). गोची पुढे होते. पॉट फिरतो जेमतेम २७० अंश, म्हणजे अंशाला दशांश व्होल्ट. ३.३ लावायला जावं, तर मीटर ३.२ वरून थेट ३.४ वर.

उपाय अगदी स्वस्तातला: त्याच पॉटला सिरीजमध्ये २२० ओहमचा दुसरा पॉट. ओहममागे साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणून हा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी फरक व्होल्टभराचाच. मोठ्या नॉबला हात लावण्याआधी छोटा मध्यावर ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. दहा फेऱ्यांचा पॉटही मिळतो, पण तो महाग आणि ५ वरून १२ वर जाताना नुसता पिळत बसायचं.

जपायचं ते जुन्या पॉटला. त्याचा मधला संपर्क क्षणभर सुटला, तर व्होल्टेज पडत नाही, उसळतं. मोठा नॉब फिरवताना सर्किट काढून ठेवा, फक्त मल्टिमीटर लावा.