क्रोशाची पहिली सुई घेताना



ऊस विकास विभागानं लोकर-दोऱ्यावर लिहावं, याचं कुणाला हसू येईल. पण ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसते. क्रोशा शिकायचा म्हणून हौसेनं सुई-दोरा आणलेला असतो आणि महिन्याभरात तो फडताळात जाऊन पडतो. "आमच्या हातालाच येत नाही," असं भगिनी म्हणतात. हाताचा दोष क्वचितच असतो. दोष असतो बेण्याचा. लागणीला आपण ९ ते ११ महिन्यांचं निरोगी बेणं शोधतो, मग इथं दुकानदार देईल ते का घ्यावं?

बहुतेक जणी शेजारच्या दारावरचं तोरण पाहून बारीक सुती दोरा आणि पोलादी सुई आणतात. ही सुई दीड-पावणेदोन मिलिमीटरची, कधी त्याहूनही बारीक. नवख्या डोळ्याला त्यातलं साखळीचं घर दिसतच नाही. ते काम बसलेल्या हाताचं. सुरुवातीला ४ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची सुई आणि मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्यावी. काळा, चॉकलेटी रंग नको. संध्याकाळी दिव्याखाली टाके मोजता येत नाहीत. पोलादी सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. म्हणून नंबर न पाहता मिलिमीटर विचारावेत.

सुईचा आकडा पदरावरून हलकेच ओढून पाहा. धागा धरला तर ती सुई परत द्या. अंगठा टेकायला चपटी जागा असावी. साखळी फार घट्ट येत असेल तर हाताशी भांडू नका, साडेचार किंवा ५ मिलिमीटरची सुई घ्या. डझनभर सुयांचा चकचकीत संच मात्र आम्ही कुणालाच सुचवणार नाही. त्यातल्या दहा पेटीतच राहतात.

पारनेर-संगमनेरकडं हमखास विचारतात, "घरची मेंढरं असताना लोकर विकत कशाला?" आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला नामी, पण ती भरड आणि केसाळ. बहुधा काळीही. नवशिकीची सुई तीत अडकते. ती घोंगडीलाच राहू द्यावी.

बाजारातली बहुतेक स्वस्त लोकर अ‍ॅक्रिलिकची असते. धुवायला सोपी आणि शिकायला उत्तम. मात्र कडक इस्त्री आणि चुलीची आच तिला सोसत नाही. भांडी धरायची फडकी करायची तर सुतीच दोरा हवा. घेण्याआधी वीतभर धागा उलटा पिळून पाहा. पदर लगेच सुटले, तर सुईही तो चिरत जाणार.

बाकी लागतं थोडंच. छोटी कात्री, टोकं ओवून लपवायला बोथट जाड सुई, मापाची पट्टी. ओळीची सुरुवात ओळखायला विकतची खूण नको, सेफ्टी पिन पुरे.

सरावाला १०० ग्रॅम लोकर पुष्कळ होते. विणा, उसवा, पुन्हा विणा. पुढं स्वेटर धराल तेव्हा लागणारे सगळे गुंडे वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून एकदमच आणा. मागून आणलेला गुंडा दुकानातल्या दिव्याखाली जुळतो आणि अंगणातल्या उन्हात वेगळा दिसतो.